फणसपोळीची पुडकी आणि सानिकाची पिशवी: दिवेआगर ते अलिबाग

या ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, दिवेआगरहून अलिबागला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाता येतं का आणि किती वेळ लागतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, अगदी आरामात. दुसऱ्याचं उत्तर यंदाच्या मे महिन्यापर्यंत मी बेधडक देत होते, की थांबत थांबत गेलात तरी अर्धा दिवस पुरे. आता मी आधी उलट विचारते, बरोबर माझे भाऊजी आहेत का.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवेआगरला त्यांची नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीतच तीन खोल्यांचा होमस्टे आहे. त्यांची एकुलती एक मुलगी सानिका यंदा बारावी झाली. देशभरातली मुलं बसतात ती डिझाइनची प्रवेश परीक्षा तिनं दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. घरात उकडीचे मोदक झाले, शेजारी वाटले गेले, आणि मग कळलं की एवढ्यानं काही होत नाही. त्या गुणांच्या जोरावर विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करायचा. मग विद्यापीठ आपल्या पद्धतीनं पारखून घेणार, म्हणजे तीन तास हातानं काम करायची परीक्षा आणि त्यानंतर समोर बसवून गप्पा. याला ते लोक स्क्रीनिंग म्हणतात. ताई म्हणाली, "म्हणजे कांदेपोहेच की."

या अर्जात एक खास अट होती. स्वतःच्या हातांनी केलेली, रोजच्या वापरातली एक वस्तू. तिचे तीन बाजूंनी फोटो अर्जासोबत पाठवायचे आणि स्क्रीनिंगला नेमकी तीच वस्तू घेऊन यायची. फोटोतली वस्तू हजर नसली तर उमेदवार बाद. सानिकानं केली होती पिशवी, पोफळीच्या विरीची. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद, चामड्यासारखा भाग, जो झावळीबरोबर गळून खाली पडतो. चक्रीवादळात त्यांची जवळजवळ सगळी वाडी आडवी झाली तेव्हा सानिका शाळेत होती. नव्यानं लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरायला लागल्यात. मधल्या वर्षांत सुपारी नव्हती, पण झाडं जरा मोठी झाली तशा विऱ्या पडायला लागल्या, आणि ही मुलगी त्या भिजवून, दुमडून काही ना काही करत बसायची. या पिशवीला खिळा नाही, डिंक नाही. काथ्यानं ओवलेली, आणि दोन ठिकाणी दाबली की घडी होऊन पाटीसारखी सपाट होते.

अर्ज भरला तेव्हा मी तिथेच होते. घरात नेटवर्क येत नाही, म्हणून बाईसाहेब पाण्याच्या टाकीवर चढून बसल्या होत्या. दोन फोटो गेले आणि तिसरा अडकला. खालून भाऊजी दर थोड्या वेळानं विचारायचे, "गेला काय?" आणि वरून उत्तर यायचं, "फिरतंय अजून." तिसरा फोटो गेल्यावर ती टाकीवरच उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. यंदा जमलं नाही तर श्रीवर्धनच्या कॉलेजात नाव घालायचं आणि होमस्टे बघायचा, असं घरात ठरलं होतं. जबरदस्ती कोणाचीच नव्हती. पुन्हा वर्षभर क्लास लावणं झेपणारं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. म्हणून ही एकच संधी होती, आणि केंद्र नशिबानं जवळ, अलिबागला मिळालं. माझ्याकडे गाडी आणि किनाऱ्याचा रस्ता पाठ, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. मी पनवेलहून आदल्या संध्याकाळीच पोचले होते. माणगाव, म्हसळा करत आलात तर रस्ता आता बरा आहे, फक्त म्हसळ्यानंतरच्या वळणांवर पुढच्याला ओव्हरटेक करायची घाई करू नका. सकाळी गाडीपाशी आले तर मागच्या सीटवर एक प्लास्टिकचा क्रेट, आणि क्रेटमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून काथ्यानं बांधलेली चपटी पुडकी, एकावर एक.

"हे काय?" मी विचारलं.

"फणसपोळी," भाऊजी म्हणाले. "वाटंत आपली मानसं हायत. दारावरनं जायचं आनि रिकाम्या हातानं जायचं, असं कसं चालंल?"

"भाऊजी, आपण परीक्षेला चाललोय."

"मग? परीक्षा उद्या हाय ना."

सानिकाची पिशवीही ताईनं त्याच हातासरशी, तशाच कागदात, तशाच काथ्यानं बांधून दिली होती. धूळ लागू नये म्हणून. सानिका ते पुडकं मांडीवर घेऊन बसली. पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आला असेल. आम्हाला आला नाही.

दिवेआगरहून दिघीपर्यंतचा रस्ता वेळासवरून, डोंगराच्या कुशीतून जातो आणि मध्येच अचानक खाली समुद्र दिसतो. सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात नऊनंतर घामाघूम व्हायला होतं. दिघीला गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे आगरदांड्याला उतरायचं. तिकीट गाडीच्या आकारावर असतं, आणि रस्त्यानं खाडीला वळसा घालण्यात जेवढं पेट्रोल जळेल त्यापुढे ते काहीच नाही. शनिवार-रविवारी रांग लागते, म्हणून फेरी सुटायच्या बऱ्याच आधी जाऊन उभं राहा. बोटीच्या वरच्या कठड्याशी उभं राहिलं की लांबवर जंजिरा दिसतो. मी फोटो काढत होते, सानिका वाऱ्यात डोळे मिटून उभी होती, आणि भाऊजी तिकीटवाल्याला सांगत होते, "पोरीची परीक्षा हाय. कॉलेजचीच, पन साधी न्हाय."

"कसली?" त्यानं विचारलं.

"पिशवीची."

तिकीटवाला सानिकाकडे बघून हसला. सानिका म्हणाली, "बाबा, पुरे," आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

मुरुडला भाऊजींचे जुने मित्र. पहिलं पुडकं गेलं. बदल्यात एक भलामोठा कापा फणस आला. मी म्हटलं, अहो, आपण फणसाचीच पोळी देऊन फणस घेतोय, याला काही अर्थ आहे का? भाऊजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यावरून कळलं, की असले प्रश्न पनवेलच्या माणसांनाच पडतात. फणसासाठी मागच्या सीटवर जागा करायची म्हणून सानिकाचं पुडकं तिच्या मांडीवरून क्रेटमध्ये गेलं. "समदं एका जागी बरं," भाऊजी म्हणाले.

नांदगाव मागे टाकून काशीदला आलो. काशीदचा किनारा सुंदर आहेच, पण मे महिन्यात रविवारी तिथे वाळू कमी आणि माणसं जास्त दिसतात. मधल्या वारी जा, सुरूच्या झाडांखाली बसा, लिंबूसरबत घ्या. उंटावर बसायचा मोह टाळा, हे माझं वैयक्तिक मत. तिथे भाऊजींच्या चुलतभावाची टपरी. दुसरं पुडकं गेलं, आमरस-पुरी झाली, आणि गाडीत आंब्याची पेटी चढली. सानिका आता पाय दुमडून, फणस आणि पेटी यांच्यामध्ये अंग चोरून बसली होती. साळावचा पूल ओलांडून रेवदंड्यात शिरलो तेव्हा ती झोपून गेली होती.

रेवदंडा मला फार आवडतं. किल्ल्याच्या तटबंदीतून रस्ताच आत जातो आणि तटाच्या आत वाड्या, विहिरी, घरं, शाळा, सगळं गाव नांदतं. भाऊजींची बहीण, सानिकाची शालूआत्या, तिथेच राहते. भाऊजी उतरले, क्रेटमधलं वरचं पुडकं उचललं आणि आत गेले. मी गाडीतच बसले, कारण झोपलेल्या पोरीला उठवायचं जिवावर आलं. नंतर कळलं, आत्यानं पुडकं घेतलं, कपाळाला लावलं आणि देवाजवळ नेऊन ठेवलं. पाहुण्यासमोर पुडकं सोडून बघायची आमच्याकडे रीत नाही, हावरटपणा दिसतो. ही रीत चांगलीच आहे, पण त्या दिवशी तिनं आमचा घात केला. आत्या बाहेर येऊन झोपलेल्या सानिकाच्या केसांवरून हात फिरवून गेली आणि डिकीत पांढऱ्या कांद्याची माळ ठेवली. रात्रीचा मुक्काम नागावला एका घरगुती खानावळीच्या वरच्या खोलीत केला. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळते, खोली स्वच्छ आहे, पंखा आवाज करतो.

सकाळी सानिका आंघोळ करून आली, पिशवीची घडी नीट उलगडते का ते एकदा बघावं म्हणून तिनं क्रेटमधलं राहिलेलं पुडकं उघडलं. आत फणसपोळी होती.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं फणसपोळी परत कागदात गुंडाळली, काथ्या बांधला आणि मगच विचारलं, "बाबा, माझं पुडकं कोणाला दिलं?"

भाऊजी दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन ते खाटेवर बसले. मुरुड की काशीद की रेवदंडा, त्यांना आठवेना. मला खरं तर राग आला होता. कालपासून मनात साठवलेलं सगळं बोलून टाकावं असं वाटलं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि फोन काढून त्यांच्या हातात दिला. मुरुडला फोन लावला, तिथे फणसपोळी. काशीदला फोन लावला, तिथेही फणसपोळी, आणि फार छान झाल्याचा निरोप. आत्या फोन उचलेना. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा उचलला तर मागे बाजाराचा गलका.

"शालू, काल दिलेलं पुडकं उघडलंस काय?"

"उघाडलं की. दादा, काय सुरेख पिशवी दिलीस रं. मी बाजारात आनलीय नवी म्हनून. सगळ्या विचारतायत कुठून घेतली."

"शालू, पिशवीत काय हाय आता?"

"कोलंबी."

भाऊजींनी फोन माझ्याकडे दिला. मी आत्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग आत्या म्हणाली, "कुठं यायचं ते सांग. मी अशीच निघते."

सानिकाला मात्र वेळेवर हजर व्हायचं होतं. हजेरी चुकली तर पिशवी असूनही उपयोग नव्हता. गाडी अलिबागकडे काढली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मावशी, आधी हाताची परीक्षा आहे. वस्तू दुपारी दाखवायची. तेवढ्यात येईल ना?" मी येईल म्हटलं. मला कुठे ठाऊक होतं. तरी ठामपणे म्हटलं. ती फाटकातून आत जाताना भाऊजी मागून काहीतरी बोलायला गेले, आणि तिनंच वळून सांगितलं, "बाबा, तुम्ही सकाळपासून चहा घेतलेला नाही. घ्या."

भाऊजींनी चहा घेतला नाही. ते फाटकाबाहेरच्या आंब्याखाली उभे राहिले आणि रेवदंड्याच्या बाजूनं येणारी प्रत्येक मिनीडोर रिक्षा बघत बसले. आमच्या रायगडात एसटी चुकली की मिनीडोरच माणसाला तारते, दाटीवाटीनं का होईना. बऱ्याच वेळानं एकीतून आत्या उतरली. एका हातात कोळंबीनं भरलेली प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात विरीची पिशवी, पदर खोचलेला. वाटेत मिनीडोर थांबवून तिनं एका नळावर पिशवी धुतली होती. मिनीडोरमधले सगळे प्रवासी थांबून वाट बघत होते म्हणे, कारण तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की भाचीच्या परीक्षेची आहे.

"वास जात न्हाय गो," ती मला म्हणाली. रडवेली झाली होती. "आनि हे बघ मी काय करून ठेवलंय."

पिशवीचा काथ्याचा बंद होता, त्यावर तिनं जुन्या लुगड्याची लाल पट्टी गुंडाळून गाठी मारल्या होत्या. पिशवी भरल्यावर बंद बोटांत रुतला, म्हणून बाजारातच उभ्या उभ्या केलेला उद्योग. मी सोडायला गेले तर गाठी ओल्या होऊन घट्ट बसलेल्या. कात्री लावली तर काथ्या कापला जाईल अशी भीती. शेवटी तशीच आत पाठवली. फाटकावरच्या माणसानं पावती फाडली, पिशवीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पण नेली आत. भाऊजींनी कृतज्ञतेनं त्याला फणसपोळीचं शेवटचं पुडकं द्यायला काढलं. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "काका, ठेवा ते. उमेदवाराच्या माणसांकडनं आम्ही पाणीपण घेत नाही." भाऊजी ओशाळून परत आले. माझ्या आठवणीत एवढ्या वर्षांत कोणीतरी त्यांचं पुडकं नाकारल्याची ही पहिलीच वेळ.

सानिका बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही तिघं एका रांगेत उभे. ती सरळ आत्याकडे गेली आणि तिला मिठी मारली. मग जवळच्या खानावळीत बसून, सुरमईची थाळी खाता खाता तिनं आत काय झालं ते सांगितलं. मी ते शक्य तितकं तिच्याच शब्दांत देते.

समोर तिघं बसले होते. मधल्या पिकल्या केसांच्या बाईंनी पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "हा वास कसला?"

"कोळंबीचा," सानिका म्हणाली. "आज सकाळी माझी आत्या ही घेऊन बाजारात गेली होती."

"स्क्रीनिंगच्या दिवशी?"

"चुकून गेली तिच्याकडे. तिला वाटलं भेट आहे."

बाईंनी अर्जातला फोटो काढून शेजारी ठेवला. "फोटोत ही लाल पट्टी नाही."

आत बसलेलं कोणीही इथे घाबरलं असतं. मी तर ऐकतानाच घास हातात धरून बसले होते.

"नाही," सानिकानं सांगितलं. "ती पट्टी माझी नाही, आत्यानं बांधली. माझा बंद भार आल्यावर बोटांना कापतो. मी पिशवी रिकामीच उचलून बघितली होती, म्हणून मला ते कळलं नाही. बाकी सगळं माझं आहे, फक्त ती पट्टी तिची आहे."

"आणि आता?"

"पुढच्या पिशवीला विरीचीच रुंद पट्टी लावेन, काथ्या आतून घेईन. इथे लाव म्हणालात तर इथे लावते."

त्यांनी तिला एक विरीचा तुकडा आणि पाण्याचं घमेलं मागवून दिलं. आतमध्ये विरी कुठून आली, मला अजून कोडं आहे. कुठल्यातरी माळ्यानं आवारातली आणली असावी. सानिकानं त्यांच्यासमोर तुकडा भिजवला, दुमडला, लाल पट्टीवरूनच बंदावर ओवला. त्या मधल्या बाईंनी पिशवीत टेबलावरची सगळी जाडजूड पुस्तकं भरली, ती उचलून खोलीच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग स्वतःची बोटं उलटसुलट करून बघितली.

"काय म्हनाल्या?" भाऊजींनी विचारलं.

"हसल्या. आणि म्हणाल्या, आत्याला विचारा, मासळी किती ताजी होती."

आत्या म्हणाली, "एकदम ताजी." मग डोळे पुसले आणि पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. सानिका म्हणाली, "आत्या, ती..." आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "दिलेलं परत मागतात होय गो?" सानिका इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. पिशवी रेवदंड्यालाच गेली, आणि कोळंबी आम्हाला मिळाली.

यादी पावसाच्या तोंडावर लागली. पुन्हा टाकी, पुन्हा फिरणारं चक्र, पुन्हा खालून "काय दिसतंय?" मी फोनवर होते. वरून आवाज आला, "बाबा, माझं नाव आहे. वरच्या अर्ध्यात आहे." मग नुसता गोंगाट, त्यात ताईचा रडका आवाज आणि कुठल्यातरी पाहुण्यांच्या टाळ्या. मी एकटी पनवेलच्या स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या. भाऊजी दुसऱ्याच दिवशी एसटीनं निघाले, मुरुड, काशीद, रेवदंडा, सगळ्यांच्या दारी पुडकी पोचवायला. या वेळी ताईनं प्रत्येक पुडक्यावर पेननं नाव घातलं होतं.

लोक विचारतात, या प्रवासातलं लक्षात काय राहिलं. फेरीबोट, काशीदचे सुरू, रेवदंड्याचा तट, हे सगळं मी आधीही पाहिलं होतं आणि तुम्हीही जाऊन बघा, उन्हाळ्यात टोपी विसरू नका. मला आठवतं ते मात्र हे, की सगळं हातातून गेलंय असं वाटत असताना त्या मुलीनं आधी फणसपोळीचं पुडकं नीट बांधून ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात माझ्याकडेही एक पुडकं आलं. वर्तमानपत्र, काथ्या, वर माझं नाव. विद्यापीठाला निघायच्या आधी सानिकानं पाठवलेलं. मला वाटलं फणसपोळी असेल, तरी मागचा धडा आठवून, रीत मोडून ते आणून देणाऱ्यासमोरच सोडलं. आत विरीची पिशवी होती, रुंद पट्टीची. दुसऱ्या दिवशी ती घेऊन बाजारात गेले आणि मुद्दाम जड जड घेतलं, बटाटे, दोन नारळ, एक मोठा लाल भोपळा. जिने चढून वर आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात उजेडात धरून बघितला. बोटांवर कुठेही वळ नव्हता.